'बॅक'चे बटण आणि 'सर्व्हर डाऊन'ची पाटी

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा या गावातून २०१७ मध्ये शेतकरी संपाची ठिणगी पडली. १ जूनला सुरू झालेल्या या संपाचे लोण राज्यभर पसरले आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली. 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' या नावाने ती अमलात आली. मात्र या योजनेचा लाभ मिळविण्यासाठी शेतकऱ्याला बँकेच्या दारात नव्हे, तर संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहावे लागले. जुलैच्या अखेरीस ऑनलाइन अर्ज भरण्यास सुरुवात झाली. आधार क्रमांक, बोटांचे ठसे किंवा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक, कर्जखात्याचा तपशील असे एकामागून एक टप्पे पार करून अर्ज 'सबमिट' करायचा होता. सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या, 'सर्व्हर डाऊन' हे शब्द गावोगावी परिचयाचे झाले, दिवसा न चालणारे संकेतस्थळ रात्री चालते म्हणून केंद्रांवर रात्री जागविल्या गेल्या. अखेर १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.

गेल्या काही वर्षांत पीकविमा, शिष्यवृत्ती, अकरावीचे प्रवेश, सातबारा, देवदर्शनाचे पास अशा असंख्य गोष्टी संकेतस्थळांवर आल्या. त्यामुळे अर्ज अर्धवट असताना पडदा पांढरा होणे, गोंधळून 'बॅक'चे बटण दाबले जाणे आणि भरलेली सारी माहिती नाहीशी होणे हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याची पद्धत आहे. 'तुम्ही मागे कशाला गेलात?' असे त्याला विचारले जाते. वास्तविक मागे जाण्याचे बटण हा ब्राउजरचा अविभाज्य भाग आहे आणि सर्व्हर कधीतरी कोलमडणार हेही गृहीतच धरावयाचे असते. या दोन्ही गोष्टींची तयारी ठेवणे हे संकेतस्थळ तयार करणाऱ्याचे काम आहे. ती तयारी कशी असते, हे समजून घेतले तर अडचणीच्या क्षणी काय करावे आणि काय टाळावे, हेही कळते.

विस्मरणशील सर्व्हर

संकेतस्थळावरचा व्यवहार हा पत्रव्यवहारासारखा आहे. ब्राउजर विनंतीचे पत्र पाठवितो, दूर कोठेतरी असलेला सर्व्हर त्याला उत्तर पाठवितो आणि तो प्रसंग तेथेच संपतो. हा पत्रव्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या सुमारास आखलेल्या या नियमांचे एक वैशिष्ट्य असे, की सर्व्हरला मागचे पत्र आठवत नाही. प्रत्येक विनंती त्याच्या दृष्टीने नवीन असते. आरंभी वाचनासाठी दस्तऐवज मागविणे एवढाच हेतू होता, तेव्हा हे विस्मरण सोयीचे होते. पुढे याच मार्गाने अर्ज आणि पैसे जाऊ लागले, तेव्हा सर्व्हरला 'हा तोच मनुष्य' हे ओळखविण्यासाठी कुकी आणि सेशन यांची योजना करावी लागली. चावडीवर तलाठ्याने चेहरा ओळखण्याऐवजी प्रत्येकाच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी द्यावी, तसा हा प्रकार. ही चिठ्ठी ठरावीक वेळेनंतर बाद होते. 'सेशन एक्स्पायर्ड' ही सूचना येते ती त्यामुळेच.

विनंतीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक 'गेट', म्हणजे केवळ पाहण्यासाठीची मागणी. सातबाराचा उतारा दहा वेळा पाहिला, म्हणून जमिनीच्या नोंदीत फरक पडत नाही. दुसरा 'पोस्ट', म्हणजे सर्व्हरकडे काहीतरी सोपविणे: अर्ज दाखल करणे, खोली राखून ठेवणे, पैसे भरणे. 'पोस्ट' दोनदा केले तर काम दोनदा होऊ शकते. या लेखात पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

'मागे' म्हणजे नेमके कोठे?

बॅकच्या बटणाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते दाबल्याने केलेले काम रद्द होते. तसे काही होत नाही. हे बटण केवळ ब्राउजरच्या पडद्यापुरते आहे. आधी पाहिलेली पाने ब्राउजर ओळीने लक्षात ठेवतो आणि बटण दाबताच त्यातले अगोदरचे पान पुन्हा दाखवितो. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीतच हे स्पष्ट केले होते, की इतिहासातील पान म्हणजे वापरणाऱ्याने त्या वेळी जे पाहिले ते होय, सर्व्हरवरची आजची स्थिती नव्हे. म्हणजे पैसे भरून झाल्यावर कोणी दोनदा मागे गेला, तर त्याला 'पैसे भरा' हे पान पुन्हा दिसेल. पण खात्यातून पैसे गेले ते गेलेच. जुने छायाचित्र हाती घेतल्याने वय कमी होत नाही, तसेच हे.

हे जुने पान दाखविण्याचा वेग वाढावा, म्हणून आताचे ब्राउजर संपूर्ण पानच स्मरणात गोठवून ठेवतात. फायरफॉक्सने ही सोय २००५ मध्ये दिली आणि क्रोमच्या संगणकावरील आवृत्तीत ती २०२१ मध्ये आली. वाचकाच्या दृष्टीने ती सुखाची आहे, पण सेवा केंद्रातील संगणकावर तीच धोक्याची ठरू शकते. तेथे एकाच यंत्रावर दिवसभर अनेकांचे अर्ज भरले जातात. एकाचे काम संपून त्याने बाहेर पडण्याचे बटण दाबले, तरी पुढच्याने मागे जाताच आधीच्या व्यक्तीचा आधार क्रमांक किंवा बँकखाते पडद्यावर उमटू शकते. हे टाळण्यासाठी सर्व्हरने अशा पानासोबत 'हे साठवू नये' अशी आज्ञा पाठवायची असते. तांत्रिक भाषेत तिला 'नो-स्टोअर' म्हणतात. ती एका ओळीची असते, परंतु विसरली गेली तर कोणाचे तरी गुपित उघडे पडते.

एक अर्ज, दोन नोंदी

'सबमिट' दाबल्यावर सर्व्हरने लगेच 'आपला अर्ज मिळाला' असे पान पाठविले, असे समजू. पडद्यावर दिसणारे हे पान 'पोस्ट'चे उत्तर असते. आता पान ताजे करण्यासाठी कोणी 'रिफ्रेश' दाबले, तर ब्राउजर तीच 'पोस्ट' विनंती पुन्हा पाठवू पाहतो. म्हणूनच 'माहिती पुन्हा पाठवायची का?' अशी बुचकळ्यात टाकणारी चौकट येते. ती इंग्रजीत असते, तिचा अर्थ नीट कळत नाही आणि रांग मागे खोळंबलेली असते. मग 'होय' दाबले जाते आणि एकाच शेतकऱ्याचे दोन अर्ज दाखल होतात. पुढे छाननीत हे दोन्ही अर्ज संशयास्पद ठरतात आणि लाभ लांबणीवर पडतो.

या दुखण्यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. अर्ज स्वीकारल्यावर सर्व्हरने पान न पाठविता 'उत्तर अमुक पत्त्यावर पाहा' एवढाच निरोप द्यायचा. एचटीटीपीमध्ये यासाठी ३०३ हा क्रमांक मुद्दाम ठेवलेला आहे. निरोप मिळताच ब्राउजर स्वतःहून त्या पत्त्यावर 'गेट' विनंती करतो आणि पोचपावतीचे पान दिसते. आता कितीही वेळा 'रिफ्रेश' केले तरी पावतीच पुन्हा दिसते, अर्ज पुन्हा जात नाही. मागे-पुढे जातानाही ती त्रासदायक चौकट येत नाही. मायकेल जुराव्हलेव्ह यांनी २००४ मध्ये या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले आणि 'पोस्ट-रिडायरेक्ट-गेट' या नावाने ती जगभर रूढ झाली.

एवढ्याने सारे भागते असे नाही. मागे जाऊन कोणी भरलेला अर्ज पुन्हा 'सबमिट' करू शकतो, किंवा संथ जाळ्यामुळे अधीर होऊन तेच बटण तीनदा दाबू शकतो. त्यासाठी प्रत्येक कोऱ्या अर्जावर सर्व्हरने एक गुप्त क्रमांक छापून द्यायचा. बँकेत पूर्वी रोकड घेण्यासाठी पितळी बिल्ला मिळत असे. बिल्ला एकदा खिडकीवर जमा झाला, की त्यावर दुसऱ्यांदा पैसे मिळत नसत. हा क्रमांक तसाच आहे. पहिल्यांदा आला तेव्हा काम करायचे, पुन्हा आला तर 'हे काम आधीच झाले आहे, ही त्याची पावती' असे सांगायचे. येथे दुसऱ्या प्रयत्नाला चूक म्हणून झिडकारायचे नसते, तर पहिल्याच कामाचे उत्तर पुन्हा द्यायचे असते. सर्वांत आत, माहितीसाठ्याच्या पातळीवर, 'एका योजनेत एका आधार क्रमांकाचा एकच अर्ज' असा नियमही घालावा लागतो. वरची दोन्ही कुंपणे ओलांडली गेली, तरी हे तिसरे टिकते.

आणखी एक चूक वारंवार आढळते. 'सध्या कोणाचा अर्ज चालू आहे' ही माहिती काही संकेतस्थळे केवळ सेशनमध्ये ठेवतात. केंद्रचालकाने वेळ वाचविण्यासाठी दोन टॅबमध्ये दोघांचे अर्ज उघडले, तर सर्व्हरला दोन्ही एकच वाटतात आणि एकाचे खाते दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते. प्रत्येक पानावर त्या-त्या अर्जाचा क्रमांक असणे आणि सर्व्हरने तोच प्रमाण मानणे, हा यावरचा मार्ग होय.

पान न बदलता बदलणारी पाने

२००५च्या सुमारास 'एजॅक्स' या तंत्राचा बोलबाला झाला. संपूर्ण पान न बदलता त्याचा एखादाच भाग बदलता येऊ लागला. त्याआधीच्या वर्षी अवतरलेली जीमेल सेवा याचे ठळक उदाहरण. मात्र त्यामुळे बॅकच्या बटणाची पंचाईत झाली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो पाच पायऱ्या पुढे आलेला असतो, तर ब्राउजरच्या लेखी तो एकाच पानावर असतो. बटण दाबताच तो एका पायरीऐवजी थेट संकेतस्थळाबाहेर फेकला जातो. पुढे एचटीएमएल ५ मध्ये ब्राउजरच्या इतिहासात प्रत्येक पायरीची नोंद करण्याची सोय आली. ती वापरली, तर पाचव्या पायरीवरून मागे गेलेला मनुष्य चौथ्या पायरीवर येतो आणि तेथील माहिती जशीच्या तशी दिसते. ती न वापरता 'कृपया बॅकचे बटण दाबू नये' अशी लाल अक्षरांतील सूचना लावणे म्हणजे जिना बांधताना उतरण्याच्या पायऱ्या वगळून 'खाली उतरू नये' अशी पाटी लावण्यासारखे आहे. ते बटण बंद करण्याच्या क्लृप्त्या तर त्याहून वाईट, कारण मोबाइलवर मागे जाणे ही बोटाची सवय झालेली आहे.

आकड्यांची भाषा

सर्व्हरचे प्रत्येक उत्तर तीन आकड्यांनी सुरू होते. २०० म्हणजे सारे ठीक. ४ ने सुरू होणारे आकडे सांगतात, की विनंतीत काही चुकले आहे. ४०४ म्हणजे मागितलेले पान नाही. ५ ने सुरू होणारे आकडे ही सर्व्हरची कबुली असते. ५०० म्हणजे आतील आज्ञावलीत बिघाड. ५०२ म्हणजे दारावरच्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळाले नाही. ५०३ म्हणजे गर्दी किंवा दुरुस्तीमुळे सेवा तूर्त बंद. ५०४ म्हणजे दारावरचा सर्व्हर वाट पाहून थकला.

यातील ५०४ विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. दारावरच्याने वाट पाहणे सोडले, याचा अर्थ आतले काम थांबले असा नव्हे. नोंद होऊन गेलेली असू शकते, फक्त पोचपावती वाटेत हरवते. रजिस्टर पत्र पोहोचावे, पण पोच परत येऊ नये, तशी ही स्थिती. म्हणून 'एरर आला म्हणजे अर्ज गेला नाही' हे अनुमान धोक्याचे आहे आणि 'पुन्हा भरून टाकू' हा उपाय त्याहून धोक्याचा. चांगल्या संकेतस्थळावर बिघाडाचे पानही विचारपूर्वक लिहिलेले असते. काय झाले, भरलेली माहिती सुरक्षित आहे का, पुन्हा प्रयत्न करावा की थांबावा, अर्जाची स्थिती कोठे पाहावी आणि चौकशीसाठी कोणता संदर्भ क्रमांक सांगावा, एवढे त्यावर मराठीत असले पाहिजे. बिघाडाचा तांत्रिक तपशील मात्र पडद्यावर नव्हे, तर सर्व्हरच्या नोंदवहीत जावा. तो पडद्यावर उघडा टाकणे म्हणजे चोराला घराचा नकाशा देणे होय.

गव्हाण आणि वजनकाटा

सर्व्हर गर्दीने का कोलमडतो, हे समजण्यासाठी नगर जिल्ह्यातील वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ऊस गाळपाचे गणित या जिल्ह्याच्या अंगवळणी पडले आहे. गव्हाणीची दिवसाची क्षमता ठरलेली असते. साऱ्या गाड्या एकाच सकाळी काट्यावर आल्या, तर गाळप वाढत नाही, फक्त रांग वाढते आणि ऊस वाळतो. म्हणूनच लागवडीच्या तारखेनुसार तोडणीचा कार्यक्रम आखला जातो.

सर्व्हरचेही तसेच आहे. क्षमतेपेक्षा अधिक विनंत्या येताच प्रत्येक कामाला वेळ लागू लागतो. ताटकळलेले लोक पुन्हापुन्हा 'रिफ्रेश' दाबतात, त्यामुळे एका माणसाच्या पाच विनंत्या होतात आणि उरलासुरला वेगही संपतो. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीकरणाची नोंदणी सायंकाळी चार वाजता खुली झाली, तेव्हा देशभरातून एकाच क्षणी झुंबड उडाली आणि 'कोविन'वर अनेकांना बिघाडाचे संदेश दिसले. तरीही त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर एका संकेतस्थळावरून करण्याचे ठरले. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच ते कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

यावर यंत्रे वाढविणे हा एकच उपाय नाही. दारातच रांग लावून प्रत्येकाला क्रमांक देणे, क्षमतेइतक्यांनाच आत सोडणे आणि उरलेल्यांना ५०३ सोबत 'इतक्या वेळाने या' असे स्पष्ट सांगणे, ही पद्धत अधिक उपयोगी पडते. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या आज्ञावलीनेही प्रत्येक खेपेस प्रतीक्षा वाढवीत न्यायची असते आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवायचा असतो, म्हणजे सारे पुन्हा एकाच क्षणी धडकत नाहीत. तालुकावार किंवा आडनावाच्या आद्याक्षरानुसार दिवस वाटून देणे हा तर तोडणीच्या कार्यक्रमाचाच प्रकार झाला. प्रत्येक टप्प्यावर भरलेली माहिती मसुदा म्हणून आपोआप जतन होत असेल, तर सर्व्हर बंद पडला तरी पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही.

पैसे गेले, पावती आली नाही

सर्वाधिक जीव टांगणीला लागतो तो पैशांच्या व्यवहारात. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या संकेतस्थळावर दर्शन, आरती आणि निवासाची नोंदणी होते. राज्याच्या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून मिळतो. अशा प्रत्येक ठिकाणी संकेतस्थळ, पैसे स्वीकारणारी मध्यस्थ यंत्रणा आणि बँक अशा तिघांचा संवाद होतो. बँकेने पैसे कापले, पण निरोप परत येण्यापूर्वी जोडणी तुटली किंवा कोणी मागे गेला, तर पैसे एका बाजूला आणि नोंदणी दुसऱ्या बाजूला राहते. त्यामुळे संकेतस्थळाने केवळ ब्राउजर परत येण्यावर विसंबून राहायचे नसते. मध्यस्थ यंत्रणेला स्वतंत्रपणे विचारून अडकलेल्या व्यवहारांचा निकाल लावायचा असतो. तोपर्यंत 'व्यवहार अयशस्वी' न म्हणता 'प्रलंबित' म्हणणे हेच प्रामाणिकपणाचे.

ग्राहकाच्या बाजूने नियमही आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन खरेदीत कार्ड किंवा यूपीआयने खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत झाली पाहिजे. तसे न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय ठरते.

खबरदारी कोणी, कोणती घ्यावी?

नागरिकाने काही साधी पथ्ये पाळावीत. 'सबमिट' किंवा 'पे' एकदाच दाबावे. बिघाडाचे पान आल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, वेळ टिपून ठेवावी आणि लगेच नवा अर्ज भरण्याऐवजी प्रथम 'अर्जाची स्थिती' किंवा 'व्यवहाराची स्थिती' पाहावी. पैसे कापले गेल्याचा संदेश आला असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. सार्वजनिक संगणकावर काम संपल्यावर बाहेर पडून ब्राउजरची खिडकीही बंद करावी. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

परंतु या पथ्यांनी संस्थांची जबाबदारी संपत नाही. नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी अखेरच्या दिवसाच्या गर्दीइतका भार कृत्रिमरीत्या टाकून त्याची परीक्षा घेतली पाहिजे. प्रत्येक पायरीवर मागे जाऊन, तेच बटण दोनदा दाबून, मधेच जोडणी तोडून काय होते, हे तपासले पाहिजे. ज्या दिवशी सर्व्हर बंद होता त्या दिवसाइतकी मुदत आपोआप वाढावी, अशी तरतूद योजनेच्या आदेशातच हवी. कागदी अर्जाच्या काळात खिडकीवरचा कारकून निदान 'उद्या या' असे तोंडाने सांगत असे. त्याच्या जागी पडदा आला आहे. त्या पडद्यावर अर्ज भरणाऱ्याचे हक्काचे पैसे, मुलांचे प्रवेश आणि जमिनीच्या नोंदी अवलंबून आहेत. एखादे बटण चुकून दाबले गेले, म्हणून त्याचा हक्क हिरावला जाऊ नये, हीच कोणत्याही लोकोपयोगी संकेतस्थळाची खरी कसोटी होय.